करवंदं नावाचा रिकामा फोल्डर

१

रविवारी सकाळी सव्वानऊला आंबी गावच्या वाचनालयात चोरी झाल्याचं उघडकीला आलं. चोरीला नेमकं काय गेलं, हे सांगताना मात्र जो तो अडखळत होता. कपाटं जागेवर होती. पुस्तकं जागेवर होती. भिंतीवरचं घड्याळ गेली सहा वर्षं पावणेचार दाखवत होतं, तेही जागेवर होतं. गेले होते ते एक हजार आठशे सेहेचाळीस फोटो, आणि ते मुळात आले होते का, हेच कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

वाचनालयात संगणक एकच. त्याच्या पडद्यावर मागे भलंमोठं जास्वंदीचं फूल, वर कोपऱ्यात ‘श्री’, त्याखाली ‘सभासद यादी’, त्याखाली ‘जुनी पत्रं’ आणि सगळ्यांत शेवटी ‘करवंदं’. हा शेवटचा फोल्डर उघडा होता आणि धुऊन पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखा रिकामा होता. शेजारच्या काळ्या चौकटीत संगणक मात्र छातीठोकपणे सांगत होता, ‘झालं. १८४६ फोटो सेव्ह केले.’

“केले म्हंतोय,” वाचनालयाचे कार्यवाह हौशीराम आबा चष्मा कपाळावर ढकलत म्हणाले. “मग ठिवले कुटं? खिशात?”

कुणी हसलं नाही, कारण बाकावर सरुबाई बसल्या होत्या. अडुसष्ट वर्षांच्या सरुबाई लग्नाकार्याला नेसायचं हिरवं नऊवारी नेसून, केस चापूनचोपून बसवून साडेआठपासून येऊन बसल्या होत्या. त्यांना आज आईला भेटायचं होतं. आई जाऊन चौसष्ट वर्षं झाली होती. तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. तिचा म्हणून जगात एकच फोटो होता आणि तो त्या अठराशे सेहेचाळिसांत होता.

“नसंल तर नसंल,” सरुबाई म्हणाल्या. “पोरीला कुणी बोलू नगा.”

पोरगी म्हणजे त्यांची नात प्रतीक्षा. तळेगावच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला. ती खुर्चीत बसून रिकाम्या फोल्डरकडे बघत मुसमुसत होती. तिला कुणी बोलत नव्हतं, हेच तिला जास्त लागत होतं.

“ह्याला एकच माणूस,” आबांनी जाहीर केलं. “क्वालिटीला बोलवा.”

२

क्वालिटीचं खरं नाव धम्मदीप. गावाबाहेरच्या एका कारखान्यात तो रबराचे वायसर तपासायचा. दिवसाला चार हजार वायसर त्याच्या बोटांखालून जात. खराब वायसर सापडला की कुणावर ओरडायचं नाही, फक्त ‘का’ असं विचारायचं. उत्तर आलं की त्यालाही ‘का’ विचारायचं. असं पाच वेळा. कारखान्यात ह्याला व्हाय-व्हाय म्हणतात. पाचव्या ‘का’ला एकतर मूळ कारण सापडतं, नाहीतर समोरचा माणूस राजीनामा देतो. दोन्हींनी दोष कमी होतात.

सुट्टीच्या दिवशी धम्मदीप कुणासाठी अंथरुणातून उठत नसे. पण निरोपात सरुबाईंचं नाव होतं. शाळेतली खिचडी सरुबाई शिजवायच्या. पहिली ते सातवी तो तीच जेवला होता. त्यांच्या पंक्तीत आडनावाला किंमत नव्हती. ज्याचं ताट आधी रिकामं, त्याला आधी. तळाची खरपुडी त्या खास त्याच्यासाठी काढून ठेवत. खास त्याच्यासाठी, अशी त्याची वीस वर्षं समजूत होती. मग कळलं, की गावातल्या निदान चाळीस जणांची अशीच समजूत आहे, आणि पातेलं तर एकच होतं. हे कसं जमायचं, हे त्याला व्हाय-व्हाय लावूनसुद्धा उलगडलेलं नव्हतं.

तो दहा मिनिटांत आला. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

“पहिल्यापासून सांग,” तो प्रतीक्षाला म्हणाला. “मधे रडू आलं तर रड. पण क्रम चुकवू नकोस.”

प्रतीक्षानं नाक पुसलं. “दादा, लोणावळ्यात पूर्वी भिकाजी म्हणून फोटोग्राफर होते. त्यांच्या नातवानं त्यांचे जुने फोटो एका साईटवर टाकले होते. तीन महिन्यांपूर्वी मी ते मोबाईलवर बघत होते. शेजारच्या भामाआजी खांद्यावरून डोकावल्या आणि ओरडल्याच, ‘अगं, ही तर चंद्रा!’ चंद्रा म्हणजे आज्जीची आई. तुंगार्लीच्या डोंगरातली करवंदं आणून लोणावळा स्टेशनात विकायची. भामाआजी तेव्हा सोळा वर्षांच्या, तिच्याबरोबर असायच्या.”

“तेव्हाच का नाही ठेवून घेतलास?”

“तेवढ्यात मोबाईल मेला. आज्जी कान्हे गावात लग्नाच्या स्वयंपाकाला गेलेली. नंतर साईट उघडली, तर फोटो दर वेळी वेगळ्याच क्रमानं यायचे. खाली नावं नाहीत, नुसते आकडे. निगेटिव्हना वाळवी लागली, म्हणून साईट केली, असं तिथंच लिहिलं होतं. नातवाला तीन मेल केले, उत्तर नाही. आणि गेल्या आठवड्यात पाटी लागली, शनिवारी संध्याकाळी सहाला साईट कायमची बंद.”

“म्हणून तू सगळेच उतरवून घ्यायचं ठरवलंस.”

“हो. त्यासाठी स्क्रिप्ट लिहिली. म्हणजे संगणकाला दिलेली चिठ्ठीच समज. पहिल्या फोटोच्या पत्त्यावर जा, फोटो घे, सांगितलेल्या फोल्डरमध्ये ठेव, दहा सेकंद थांब, पुढच्या पत्त्यावर जा.”

“दहा सेकंद कशाला?”

“साईट म्हातारी आहे. घाई केली की दार लावून घेते.”

आबांनी मान हलवली. हे त्यांना मनापासून पटलं.

“फोल्डर कुठला, हे चिठ्ठीला कसं कळतं?”

“त्याची वेगळी छोटी फाईल आहे. पुढं कुणाला दुसरीकडं ठेवायचे असतील तर स्क्रिप्टला हात लावायला नको म्हणून. स्क्रिप्ट त्यातली पहिली ओळ वाचते, त्या नावाचा फोल्डर असेल तर त्यात ठेवते, नसेल तर नवा करते.” तिनं ती फाईल उघडून दाखवली. “बघ. करवंदं. बरोबर आहे. सकाळी दहाला तीन फोटो उतरवून पाहिले, बरोबर ह्याच फोल्डरात आले. ते पुसले, डबा आणायला घरी गेले, अकराला येऊन खरं काम चालू केलं आणि तशीच क्लासला गेले. पाच तास लागणार होते. एकाही अक्षराला मी नंतर हात लावला नाही, दादा.”

धम्मदीपनं फाईलकडे पाहिलं. वाचनालयातल्या इतर कुठल्याही कागदासारखाच तो कागद दिसत होता.

“सगळ्या संगणकात शोधलंस?”

“शोध लावला होता. वीस मिनिटं फिरला, मग पडदा निळा झाला. परत लावला, परत निळा.”

“बरं,” धम्मदीप म्हणाला. “मग माणसांत शोधू. शनिवारी इथं कोण कोण आलं होतं?”

आबांचा चेहरा उतरला. “लेका, त्यात मी बी हाय.”

३

वाचनालयाचं रजिस्टर आबा स्वतः ठेवत. नाव, वेळ, कारण. आबांची शिस्त अशी, की ते स्वतःच्या येण्याचीही नोंद स्वतःपुढं स्वतःच करत. कागद कुठलाही असो, तो वरून रीतसर सुरू व्हायला हवा. रजिस्टरच्या प्रत्येक पानावर श्री होतं. दाराशी पाटी होती: श्री, चपला बाहेर काढाव्यात. पंख्याखाली: श्री, जाताना बंद करावा. कोपऱ्यातल्या पुडीवर: श्री, उंदरांचे औषध, खाऊ नये.

शनिवारच्या पानावर प्रतीक्षाशिवाय तीन नावं निघाली. हौशीराम, निलेश, अनिता.

निलेश बाहेरच मोटारीला टेकून उभा होता. तुंगार्लीतले बंगले तो शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना भाड्यानं लावून द्यायचा. धम्मदीप दिसताच त्यानं गॉगल काढला. डोळे लाल होते.

“क्वालिटी, मला काय विचारू नको. मीच घालवले.”

“मी अजून विचारलंच नाही, निलेशभाऊ.”

“नको विचारू. मी सवादहाला आलो. बंगल्याचा ड्रोनचा व्हिडिओ हितल्या नेटवरनं चढवायचा होता. चार जीबीचा. म्हटलं, मावंल का न्हाई बघावं, तर साडेचार जीबी जागा मोकळी. पण जरा साफसफाई म्हणून कचरापेटी रिकामी केली. नेट लय हळू चाललंवतं, म्हटलं उद्या बघू. आन् आज सकाळी आलो तर म्हणतोय जागाच न्हाई! तीन पॉइंट सहा!” त्यानं डोळे पुसले. “काय वेळ आली बघ. मावशीनं मला खरपुडी घातली, ती फक्त मला घालायची, आन् मी तिच्या आईला कचऱ्यात टाकली.”

“सवादहाला फोटो आलेच नव्हते, भाऊ. कचऱ्यात होते ते तीन नमुन्याचे. काम अकराला चालू झालं.”

निलेश थांबला. “म्हंजी मी न्हवं?”

“बहुतेक नाही.”

“बहुतेक म्हंजी?”

पण धम्मदीप खिशातून पेन काढून तळहातावर दोन आकडे लिहीत होता. साडेचार. तीन पॉइंट सहा. चोरी झालेल्या घरात सामान कमी व्हायला हवं. इथं ते वाढलं होतं.

४

अनितावहिनी महिला भजनी मंडळाच्या प्रमुख. भजनांच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला त्या शनिवारी दुपारी बाराला आल्या होत्या. धम्मदीप त्यांच्या ओट्यावर टेकतो न टेकतो, तोच त्यांनी दोन्ही हात पुढं केले, जणू तो बेड्याच घेऊन आला होता.

“ने मला. मीच बंद केला.”

“काय बंद केला, वहिनी?”

“कंपुटर. कुणी बगत न्हवतं, काळ्या चौकटीत नुसतं कायबाय सरकत हुतं, लाईट फुकट जळत हुती. आदी पाया पडले, वर श्री हाय म्हणून, आन् मग बटन दाबलं. धा मिंटांनी वाटलं, आबा वरडंल, म्हणून परत चालू केला. तेवढ्यात काय इस्कटलं आसंल ते आसंल.” त्यांचा आवाज चिरकला. “माझं पहिलं बाळंतपण सरूआत्यानं केलं रं. पैसं न्हाई, लुगडं न्हाई, काय घेतलं न्हाई.”

“बटण कुठलं? खालच्या डब्याचं का पडद्याचं?”

“समोरचं. पडद्याचं.”

“मग टीव्ही बंद केला तुम्ही. टीव्ही बंद केला म्हणून बातम्या देणारा घरी जात नाही.”

वहिनींनी हात मागे घेतले. आपण निर्दोष आहोत, ह्याचा त्यांना जरा हिरमोडच झाल्यासारखा दिसला.

वहिनींना आणि बाहेरच्या निलेशला घेऊन धम्मदीप वाचनालयात परतला, तर आबांचाही कबुलीजबाब तयार होता. शनिवारी साडेदहाला त्यांनी नेहमीप्रमाणे संगणकाला उदबत्ती ओवाळली होती आणि एकला वाचनालय बंद करताना धूळ बसू नये म्हणून वरून टॉवेल टाकला होता. धूर आत गेला असणार. नाहीतर संगणक घुसमटला असणार.

“आणखी काही केलंत, आबा?”

“दुसरं काय बी न्हाई. दुसऱ्याच्या कामाला मी हात लावतो व्हय?”

साडेअकरा वाजले होते. कारखान्यात दोष सापडला की तो कबूल करायला कुणी मिळत नाही. इथं एका दोषाला तीन माणसं रांगेत उभी होती आणि चौथी, प्रतीक्षा, सकाळपासून स्वतःलाच शिव्या घालत होती. बाकावर सरुबाई एकेकाकडे बघत होत्या.

“काय येडी मानसं हायत,” त्या म्हणाल्या. “माझ्यापायी चोर व्हायला निगाली.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पण आवाजात, आईचा फोटो गेलेल्या बाईच्या आवाजात नसावी, अशी काहीतरी भरून पावल्याची खूण होती. धम्मदीपला ते बघवेना. ह्या बाईनं फोटो न बघताच आभार मानून घरी जायचं ठरवलंय, हे त्याला स्पष्ट दिसलं.

“मावशी, उठू नका,” तो म्हणाला. “फोटो चोरीला गेलेले नाहीत. ते ह्याच संगणकात आहेत.”

५

“शनिवारी सवादहाला साडेचार जीबी जागा मोकळी,” धम्मदीपनं तळहात पुढं केला. “आज सकाळी तीन पॉइंट सहा. मधल्या वेळात पॉइंट नऊ जीबी कुणीतरी येऊन बसलंय. प्रतीक्षा, एक फोटो केवढा?”

“साधारण अर्धा एमबी.” तिनं मनात गुणाकार केला आणि खुर्चीत ताठ झाली. “अठराशे फोटो म्हणजे पॉइंट नऊ!”

“म्हणजे स्क्रिप्ट खोटं बोलली नाही. तिनं सगळे आणले, सगळे ठेवले. फक्त तू सांगितलेल्या जागी ठेवले नाहीत.”

“पण ती सांगितल्याशिवाय काही करूच शकत नाही, दादा! तिला डोकंच नाही.”

“मग तिला कुणीतरी दुसरं सांगितलं.”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. धम्मदीपनं पिशवीतून कारखान्याचा व्हाय-व्हायचा छापील तक्ता काढला. वरपासून खालपर्यंत चौकटीच चौकटी. सगळ्यांत वर ‘दोषाचे नाव’, खाली पाच वेळा ‘का?’. तो टेबलावर ठेवून तो पेनाचं टोपण काढतोय, एवढ्यात आबांचा हात मधे आला.

“असा कोरा कागद सुरू करत्यात व्हय रं?”

आबांनी तक्ता आपल्याकडे ओढला. वरच्या कडेला कारखान्याचं नाव छापलेलं असल्यामुळे जागा नव्हती. आबा अडले नाहीत. त्यांनी पहिल्या चौकटीत, ‘दोषाचे नाव’ ह्यासमोर, ठसठशीत अक्षरात ‘श्री’ लिहिलं आणि कागद परत सरकवला.

“हां. आता लिव.”

धम्मदीप त्या चौकटीकडे बघत राहिला. त्याच्या साहेबाच्या टेबलावर हा कागद गेला असता, तर साहेबानं दोषाचं नाव वाचून देवाला नोटीस काढली असती. कारण साहेब चौकटीतलं वाचतो. कागद कुणाचा, रीत काय, हे बघत नाही. त्याला जे पहिलं दिसतं, तेच तो खरं धरून चालतो.

“आबा,” तो हळूच म्हणाला. “कागद दिसला की तुम्ही वर श्री लिहिता.”

“ल्हानपनापासनं.”

“का?”

“काम तडीस जातंय.”

“स्वतःच्याच कागदावर लिहिता, का दुसऱ्याच्याही?”

“दुसऱ्याचं काम तडीस जाऊ नये व्हय?”

“शनिवारी, उदबत्ती ओवाळताना, प्रतीक्षाची ती छोटी फाईल पडद्यावर उघडी होती?”

“हुती की. समदा कागद कोरा आन् नुसतं एक ‘करवंदं’. आईबापाविना पोर दिसावं तसं दिसत हुतं. मला बगवंना. टाकलं वर श्री, आन् सेव केलं.” आबांनी सगळ्यांकडे पाहिलं. “हे काय काम धरायचं असतंय व्हय? हे तर कामाच्या आदीचं!”

“प्रतीक्षा,” धम्मदीप म्हणाला, “ती फाईल उघड. काय लिहिलंय वाच.”

“करवंदं.”

“वरून वाच.”

“वरूनच वाचतेय. करवंदं.”

“त्याच्याही वरून.”

प्रतीक्षानं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. फोल्डर रिकामा दिसल्यापासून ती फाईल तिनं अकरा वेळा वाचली होती. वर श्री असतंच. पत्रिकेवर असतं, वहीवर असतं, दुकानाच्या बिलावर असतं. ते वाचायचं नसतं, त्याच्याखालून वाचायला सुरुवात करायची असते. धम्मदीपला तिला हसावंसं वाटलं नाही. सकाळपासून तीच फाईल त्यानंही पाहिली होती. त्याच्या घरच्या पत्रिकांवर वर ‘नमो बुद्धाय’ असतं, आणि तिथंही त्याची नजर थेट जेवणाच्या वेळेवरच उतरायची.

“श्री,” प्रतीक्षा शेवटी म्हणाली.

“आणि स्क्रिप्ट कुठली ओळ वाचते?”

“पहिली.”

“आणि त्या नावाचा फोल्डर नसेल तर?”

“नवा करते.”

मग निलेश, अनितावहिनी, आबा आणि प्रतीक्षा, सगळ्यांची मान एकाच वेळी पडद्याच्या वरच्या कोपऱ्याकडे वळली.

“पण... तो तर आबांनी ठेवलाय ना?” प्रतीक्षा म्हणाली. “देवाचा म्हणून?”

“मी?” आबा उडालेच. “मला वाटलं तू ठिवलास! मी काल घरी जाऊन सांगितलं बी, पोरगी एवढी शिकली पन वळन सोडलं न्हाई म्हणून!”

“मी त्याच्याच पाया पडले हो,” अनितावहिनी पुटपुटल्या.

माऊस धम्मदीपनं धरला. त्यानं ‘श्री’वर दोनदा टिचकी मारली. जुना संगणक घरघरला, विचारात पडला, पडदा पांढरा झाला. आणि मग पहिलं चित्र उमटलं, दुसरं, तिसरं, ओळीच्या ओळी, आगगाडीचं इंजिन, छत्र्या, चिक्कीचं दुकान, कुणाचीतरी वरात, आणि अगदी खाली बारीक अक्षरात: १८४६.

अनितावहिनींनी पुन्हा हात जोडले. ह्या वेळी निलेशनंही जोडले.

६

तक्त्यात धम्मदीपनं काय लिहिलं, ते थोडक्यात असं. मूळ कारण: आपुलकी. दोषी: सगळे. उपाय: प्रतीक्षानं तिथल्या तिथं स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली, की पहिल्या ओळीत श्री असेल तर ती सोडून दुसरी वाचावी. आबांनी विचारलं, “सोडून म्हंजी?” तेव्हा तिनं सांगितलं, “नमस्कार करून पुढं जावं, असं लिहिलंय आबा.” आबांचं समाधान झालं.

“माझं चुकलंच की गं,” ते सरुबाईंना म्हणाले.

“न्हाई आबा. तुमी लिवलं तवा तर काम तडीस गेलं,” सरुबाई म्हणाल्या. “लोकाच्या कामावर कोण एवढं लक्ष ठिवतंय आताशा?”

निलेश मोटार घेऊन गेला आणि भामाबाईंना उचलूनच घेऊन आला. ऐंशी वर्षांच्या भामाबाईंना पडद्यासमोर पहिल्या खुर्चीत बसवलं. शेजारी सरुबाई. मागे हळूहळू सगळी आळी जमली. प्रतीक्षा एकेक फोटो पुढं सरकवू लागली.

एका कुत्र्याचे सलग सात फोटो आले. भिकाजींना कुत्रा आवडत असावा. तळ्याकाठी हात कमरेवर ठेवून उभे असलेले साहेबलोक आले. स्टेशनच्या बाकावर तोंड उघडं टाकून झोपलेला एक पैलवान आला, आणि निलेश “आज्जा!” असं ओरडून खुर्चीवरच चढला. त्याच्या घरात आजोबांचा एकच फोटो होता, आणि त्यात ते इतके कडक दिसायचे, की हा माणूस कधी झोपत असेल ह्यावर त्याचा विश्वास नव्हता. तो फोटो त्यानं तीनदा मागे आणायला लावला. मग प्रत्येकालाच आपलं कुणीतरी दिसू लागलं. दर दहा-वीस फोटोंमागं कुणीतरी “थांब, थांब” म्हणे, आणि कुणीतरी डोळे पुसे. भामाबाई मात्र काही बोलत नव्हत्या. पाचशे झाले. हजार झाले. जेवायची वेळ टळून गेली, पण उठलं कुणी नाही.

सरुबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं, सोडलं होतं, परत गुंडाळलं होतं.

तेराशे नव्वद नंबरच्या फोटोला भामाबाईंनी हात वर केला.

“ही.”

प्लॅटफॉर्मवर एक मुलगी उभी होती. डोक्यावर पाटी, हातात पानाचा द्रोण, त्यात शीग लावून करवंदं. ऊन डोळ्यांवर येत होतं, म्हणून तिनं एक डोळा बारीक केला होता. तोंड अर्धवट उघडं. रागावली होती.

“फोटोवाल्याला बोलत हुती,” भामाबाई म्हणाल्या. “मी बाजूलाच हुते. म्हनली, घ्यायची तर करवंदं घे, न्हाईतर बाजूला सर, गाडी सुटंल, तुझ्यामागं गिऱ्हाईक दिसत न्हाई.”

मागे कुणीतरी हसलं.

सरुबाई उठल्या. थोरामोठ्यांसमोर घेतात तसा त्यांनी पदर डोक्यावरून नीट घेतला. पडद्याच्या अगदी जवळ गेल्या.

“कितीची आसंल हितं?”

“बावीसची,” भामाबाई म्हणाल्या. “तू चार वर्साची. त्याच साली गेली ती.”

सरुबाईंनी मागे वळून एकवीस वर्षांच्या प्रतीक्षाकडे पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे.

“आता काय करू, सांगा,” त्या म्हणाल्या. “आई म्हणून पाया पडू, का लेकरू म्हणून जवळ घिऊ?”

धम्मदीपनं नजर खाली घेतली.

सरुबाई वाकल्या आणि टेबलाच्या कडेला डोकं टेकलं. मग सरळ झाल्या, दोन्ही तळवे त्या रागावलेल्या मुलीच्या गालांवरून अलगद फिरवले, आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. दहाही बोटं कडाकडा वाजली.